ब्राइटनेसच्या पट्टीचं जुनं दुखणं

फोटो अंडर, म्हणजे कमी प्रकाशाचा, काळपट आला की हात आधी ब्राइटनेसच्या पट्टीकडे जातो. आणि शेजारी जुना फोटोग्राफर बसला असेल तर तो लगेच ओरडतो, "त्याला हात लावू नकोस!"

डार्करूममध्ये प्रिंट काढताना चेहरा काळवंडू नये म्हणून त्यावर पडणारा प्रकाश अडवायला काडीला लावलेली चकती धरायचे. हेच डॉज. पुढे फोटोशॉपनं नाव घेतलं, चकतीचं चित्रसुद्धा. ब्राइटनेसला मात्र असा वारसा नाही, ती निव्वळ बेरीज होती.

जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला 0 ते 255 एवढ्याच पायऱ्या. पट्टी 50 नं वाढवली की सगळ्यांत सरसकट 50 मिळवायचे. 210 चे 260 व्हायला हवेत, पण 255 च्या पुढे जागाच नाही. 230 चेही 255 च. लग्नाच्या फोटोत अंतरपाटाच्या घड्या आणि नवऱ्याच्या झब्ब्यावरची नक्षी एकाच पांढऱ्यात गडप. उलट, केसांचा 0 वरचा काळा 50 वर येऊन राखाडी. फोटो पिठूळ दिसतो तो यामुळे. फोटोशॉपमध्येच लेव्हल्स नावाचं दुसरं साधन आहे, त्यातला मधला त्रिकोण सरकवला तर दोन्ही टोकं जागेवर राहतात, म्हणून जाणकार तिकडे वळले.

2007 मध्ये फोटोशॉपच्या सीएस3 आवृत्तीत ब्राइटनेसचं गणितच बदललं. आता ती टोकं बऱ्यापैकी सांभाळते. जुनी बेरीज हवी असेल तर 'यूज लेगसी'वर टिक करायची. सुधारणा योग्यच होती, पण नाव तेच ठेवायला नको होतं. तेव्हापासून जुना फोटोग्राफर म्हणतो बिघडतं, नवा म्हणतो काही बिघडत नाही. दोघंही खरे, कारण दोघांच्या पट्ट्या वेगळ्या.

2012 मध्ये लाइटरूम 4 या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरनं ब्राइटनेस, फिल लाइट आणि रिकव्हरी या तिन्ही पट्ट्या काढल्या. ब्राइटनेसचं काम एक्स्पोजरमध्ये गेलं. हा शब्द मुळात कॅमेऱ्याचा: एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश. फोटो काढून झाल्यावर कुठला आलाय प्रकाश? कॅमेऱ्यातून आलेल्या कच्च्या, म्हणजे 14 बिटच्या रॉ फाइलमध्ये 16384 पायऱ्या असतात म्हणून अंधारातलं बरंच उकरून काढता येतं, इतकंच. पांढरं पूर्ण जळालं असेल तर रॉसुद्धा हात टेकते.

आता फोन अनेक फोटो एकत्र करून आधीच सावरून घेतो. तरी आयफोनच्या एडिटमध्ये एक्स्पोजर आणि ब्राइटनेस या दोन्ही पट्ट्या अजून वेगवेगळ्याच आहेत.