सरकारी मदतीवरच्या बालसंगोपनाचं गुणवत्ता-मूल्यमापन

सरकारी पैशावर चालणारी पाळणाघरं, बालवाड्या, पूर्वप्राथमिक वर्ग प्रत्यक्षात कसे चालतात हे तपासायची पद्धत. पैसा केंद्राला अनुदान म्हणून मिळो की पालकांच्या फीत सूट म्हणून, तपासणी साधारण सारखीच.

मोजणीत रचना, प्रक्रिया, परिणाम असे तीन भाग करतात. एका ताईमागे मुलं किती, ताईचं शिक्षण काय, ही झाली रचना, आणि मूल रडलं तर कोण उचलून घेतं, त्याच्याशी कोण बोलतं, ही प्रक्रिया. मुलांवर शेवटी काय फरक पडला, तो परिणाम. ही फोड अवेडिस डोनाबेडियन यांनी 1966 मध्ये वैद्यकीय सेवेसाठी मांडली होती, इकडे ती बहुधा तिथूनच आली असावी. रचना कागदावरून तपासता येते म्हणून परवान्याचे नियम तिच्यावरच बेतलेले असतात, प्रक्रियेसाठी मात्र वर्गात जाऊन बसावंच लागतं.

त्यासाठी सगळ्यात जास्त वापरलेली पट्टी (वर्ग पाहून गुण द्यायची यादी) म्हणजे थेल्मा हार्म्स आणि रिचर्ड क्लिफर्ड यांची 'एकर्स' (1980, सुधारित 1998, तिसरी आवृत्ती 2014-15 च्या सुमारास). प्रत्येक बाबीला गुण 1 ते 7, पायरी-पायरीने. खरा वाद आहे तो गुण द्यायच्या रीतीवर. खालच्या पायरीवरचा एक जरी दोष दिसला की गुण तिथेच अडकतो, वरचं कितीही चांगलं असो. म्हणजे ताई मुलांशी गप्पा मारत जेवायला बसल्यात, पोरं आपापलं वाढून घेतायत, सगळं छान चाललंय, पण बहुतेकांनी आधी हातच धुतले नाहीत, तर जेवणाच्या बाबीला 1, गप्पांचा हिशोब शून्य. बाजूने बोलणारे म्हणतात स्वच्छता हा पाया आहे, ती तडजोडीची गोष्ट नाही. ते खरंच, पण मग एकाच आकड्यात साबण आणि संवाद कालवले जातात आणि केंद्राला कळतच नाही की नेमकं सुधारायचं काय. आकडेशास्त्राने तपासल्यावरही पायऱ्यांचा क्रम नीट लागत नाही असं दिसलंय, त्यामुळे टीकाकारांचं पारडं थोडं जड वाटतं. तिसऱ्या आवृत्तीत साहित्य मोजण्यापेक्षा ताई ते वापरतात कसं यावर भर वाढवलाय.

'क्लास' ही 2008 ची पट्टी (पियान्टा, ला पारो, हॅम्री) खेळणी मोजतच नाही, फक्त संवाद बघते: 20 मिनिटं निरीक्षण, मग गुण, असे फेरे. भावनिक आधाराला बऱ्यापैकी गुण पडतात, शिकवण्याच्या आधाराला कमी, हे बऱ्याच ठिकाणी दिसतं.

केंद्रांना गुणवत्तेनुसार तारे द्यायची राज्यव्यापी पद्धत अमेरिकेत ओक्लाहोमाने 1998 मध्ये आणली, पुढे अनुदानाचा दरही ताऱ्यांशी जोडला जाऊ लागला.

परिणामांचं जास्त अवघड. 'हेड स्टार्ट' या गरीब घरच्या मुलांसाठीच्या 1965 च्या अमेरिकी सरकारी योजनेवर 1969 च्या वेस्टिंगहाऊस अहवालाने फायदा टिकत नाही असा शेरा मारला, त्यातल्या तुलनेच्या गटांवर बरीच टीका झाली, पण नंतर चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या अभ्यासातही (अहवाल 2010) पहिलीच्या शेवटापर्यंत बहुतेक फरक पुसट झाला होता. उलट अमेरिकेतल्याच 'पेरी' या बालवाडीच्या प्रयोगातल्या 123 मुलांपैकी बालवाडीत गेलेली 58 मुलं बाकीच्यांपेक्षा मोठेपणीही वेगळी दिसली. फक्त तो प्रयोग छोटा आणि खर्चिक होता, त्यावरून मोठ्या सरकारी योजनेचा अंदाज बांधणं धोक्याचं.

घरगुती पाळणाघरांसाठी वेगळी पट्टी आहे (1989, सुधारित 2007), तान्ह्या मुलांसाठी 1990 ची.