दारूचे दुकान, वस्ती आणि गुन्हा

अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात बार असलेल्या निवासी भागांत गुन्हे अधिक नोंदले जातात, हे संशोधकांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीलाच दाखवून दिले होते आणि पुढे अनेक शहरांच्या आकडेवारीत तेच चित्र दिसले. मात्र एवढ्यावरून दारूचे दुकान हेच गुन्ह्याचे कारण ठरत नाही. जिथे जागेचे भाडे कमी, ओस पडलेली घरे पुष्कळ आणि रहिवाशांच्या तक्रारीला महापालिकेत फारसे वजन नाही, तिथे दुकान थाटणे सोपे जाते. आणि अशा ठिकाणी दुकान नसले तरी गुन्हे वाढू शकतात.

बाल्टिमोर शहरात हा गुंता फार जुना आहे. कोणत्या वंशाच्या माणसाने कुठे राहावे, हे ठरवणारा कायदा या शहराने 1910 मध्ये केला होता. पुढे 1937 च्या एका सरकारी नकाशात गृहकर्जासाठी ‘धोकादायक’ मानलेले भाग लाल रंगाने दाखवले गेले आणि त्यांत कृष्णवर्णीयांच्या वस्त्या मोठ्या प्रमाणात होत्या. त्याच भागांत आज दारूच्या दुकानांचे पुंजके अधिक आढळतात. म्हणूनच 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गरिबी, रिकामी घरे यांसारख्या गोष्टींचा परिणाम गणिताने बाजूला काढून मग दुकानांचा हिशेब मांडला गेला. तरीही एखाद्या भागात एक दुकान वाढले की हिंसक गुन्हे सुमारे 2.2 टक्क्यांनी जास्त, असा संबंध उरलाच. बसून पिण्याच्या बारपेक्षा बाटली विकत देणाऱ्या दुकानांशी हा संबंध अधिक घट्ट होता, हे बारलाच दोष देण्याची सवय असलेल्यांना अनपेक्षित वाटेल. पण बारमध्ये निदान ‘आता पुरे’ म्हणणारा कोणी असतो, तर दुकानातून घेतलेली बाटली फुटपाथवर किंवा कोणाच्या तरी पायरीवर रिकामी होते आणि तिथे लक्ष ठेवणारे कोणी नसते. शिवाय खिशात रोकड असलेला, तोल गेलेला माणूस लुटणाऱ्याला सहज सापडतो.

तरीही गणिताने बाजूला काढलेली वस्ती खरोखर बाजूला झाली का, ही शंका राहतेच. वस्ती तीच, दुकाने तीच आणि बदलला तो एकच नियम, अशा घटना त्यामुळे मोलाच्या ठरतात. ऑस्ट्रेलियातील न्यूकॅसल शहरात मार्च 2008 पासून मध्यवर्ती भागातील 14 पबना पहाटे पाचऐवजी तीन वाजता (नंतर साडेतीन वाजता) बंद होण्याचे आणि त्याआधीच्या काही तासांत नवे गिऱ्हाईक आत न घेण्याचे बंधन घातले गेले. शेजारच्या हॅमिल्टनमध्ये हे बंधन नव्हते. त्याच्याशी तुलना करता न्यूकॅसलमधील रात्रीचे हल्ले सुमारे 37 टक्क्यांनी घटले. पिणारे फक्त पलीकडे सरकले असते, तर हॅमिल्टनमधले हल्ले वाढायला हवे होते. तसे झाले नाही.

ब्राझीलमधील साओ पाउलोजवळच्या दियादेमा या औद्योगिक शहराचा दाखला याहून अधिक दिला जातो, पण तो जपून वापरावा असे मला वाटते. तेथे जुलै 2002 पासून रात्री अकरानंतर दारूविक्री बंद झाली आणि खून महिन्याला सुमारे 9 ने कमी झाले, असा निष्कर्ष निघाला. परंतु त्याच दशकात साओ पाउलो राज्यभरच खून झपाट्याने घटत होते, त्यामुळे सगळे श्रेय बारच्या घड्याळाला देणे धाडसाचे होईल.

वेळेचा हा प्रश्न आपल्याकडे क्वचितच विचारला जातो. महाराष्ट्रात ‘उभी बाटली की आडवी बाटली’ या मतदानात दुकान राहणार की जाणार, एवढेच ठरते. अर्थात वेळेचे बंधन मध्यरात्रीनंतरच्या मारामाऱ्यांवर चालते. दिवसाढवळ्या बाटली विकणाऱ्या दुकानावर त्याचा फारसा उपयोग नाही. त्यासाठी बाल्टिमोरने 2016 च्या अखेरीस जमीनवापराचे नियम बदलले आणि निवासी भागांतील अशा दुकानांना दारूविक्री थांबवण्यासाठी किंवा जागा बदलण्यासाठी दोन वर्षांची मुदत दिली. त्यांचे बरेच मालक कोरियातून येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांतले होते. वस्तीच्या दुरवस्थेचे खापर आपल्याच माथी का, हा त्यांचा सवाल 1937 चा तो नकाशा पाहिल्यावर सहज धुडकावता येत नाही.