शतकभराचा अपमान (चीन)

शतकभराचा अपमान, चिनी भाषेत 'बायन्येन ग्वोछर', म्हणजे १८३९ च्या पहिल्या अफू युद्धापासून ते १९४९ मध्ये कम्युनिस्ट सत्तेवर येईपर्यंतचा काळ, ज्यात परक्या देशांनी चीनला एकामागून एक हरवलं, लुटलं, बंदरं उघडायला लावली आणि जमिनीचे लचके तोडले. मोजायला गेलं तर ही ११० वर्षं होतात, पण इथे कुणी हिशोब करत बसत नाही, कारण हा शब्द इतिहासापेक्षा राजकारणात जास्त वापरला जातो. तैवान, हाँगकाँग, जपान, दक्षिण चीन समुद्र, भारताची सीमा, विषय कुठलाही असो, चीनचा परराष्ट्र खात्याचा प्रवक्ता कडक आवाजात बोलायला लागला की त्याच्या पाठीशी हीच गोष्ट असते. ही आठवण बनावट आहे असं अजिबात नाही, जे झालं ते खरंच झालं. पण ती कुठल्या दिवशी, कुणासमोर आणि किती मोठ्याने काढायची हे बीजिंग ठरवतं, आणि ते समजलं की चिनी डिप्लोमसीतलं निम्मं कोडं सुटतं.

काय काय झालं होतं

सुरुवात अफूपासून. ब्रिटिशांना चीनचा चहा आणि रेशीम हवं होतं आणि त्याबदल्यात चांदी मोजावी लागायची, मग ती वाचवायला त्यांनी हिंदुस्थानात पिकलेली अफू चीनमध्ये खपवली, तिथे बंदी असताना. बंगाल-बिहारची अफू कंपनीच्या ताब्यात होती आणि माळव्याची अफू मुंबई बंदरातून जायची. म्हणजे आपली मुंबईसुद्धा या गोष्टीत आहे, आणि चांगल्या बाजूला नाही. जमशेटजी जीजीभॉय यांची संपत्ती चीनच्या व्यापारातून उभी राहिली, त्यात कापूस होता तशी अफूही होती, आणि पुढे त्याच घराण्याच्या दानातून जे. जे. हॉस्पिटल आणि माहीमचा कॉजवे झाला. ससून घराण्याचंही तेच, पुण्यात ससूनमध्ये केसपेपर काढताना हे कुणाच्या डोक्यात येत नाही आणि यायची गरजही नाही म्हणा.

जून १८३९ मध्ये लिन झेशू नावाच्या चिनी अधिकाऱ्याने ग्वांगझोजवळ हुमेनला वीस हजारांहून जास्त पेट्या अफू जप्त करून नष्ट केली. ब्रिटिशांनी युद्ध पुकारलं, चीन हरला, आणि २९ ऑगस्ट १८४२ च्या नानजिंगच्या तहात हाँगकाँग बेट गेलं, शांघाय-ग्वांगझोसकट पाच बंदरं उघडावी लागली आणि वर २ कोटी १० लाख चांदीचे डॉलर भरपाई. इथून पुढे जे तह झाले त्यांना चिनी लोक सरसकट 'असमान तह' म्हणतात. १८६० मध्ये ब्रिटिश-फ्रेंच फौजांनी बीजिंगजवळची युआनमिंगयुआन ही बादशाही बाग लुटली आणि जाळली, तिचे मोडके संगमरवरी खांब आजही मुद्दाम तसेच ठेवलेत. १८९५ मध्ये जपानकडून हार, शिमोनोसेकीचा तह, तैवान गेलं. हे जास्त लागलं, कारण जपानला ते शतकानुशतकं आपल्याकडून शिकलेला धाकटा समजत होते. १९०० मध्ये परक्यांविरुद्ध उठलेलं बॉक्सर बंड मोडायला आठ देशांची फौज बीजिंगमध्ये घुसली (ब्रिटिशांच्या बाजूने लढणाऱ्यांत बरेचसे शिपाई हिंदी होते) आणि १९०१ च्या तहात ४५ कोटी ताएल (चांदी मोजायचं जुनं चिनी वजन) चांदीचा दंड बसला, म्हणजे तेव्हाच्या लोकसंख्येच्या हिशोबाने माणशी एक ताएल, असा त्याचा अर्थ चिनी लोक लावतात. मग चीनवर पकड बसवायला जपानने १९१५ मध्ये केलेल्या एकवीस मागण्या, १९१९ ला व्हर्सायमध्ये शांदोंगमधले जर्मन हक्क परस्पर जपानला दिले म्हणून पेटलेलं ४ मेचं आंदोलन, १९३१ मध्ये ईशान्येचा मांचुरिया जपानने घेतला, १९३७ मध्ये पूर्ण युद्ध आणि त्याच डिसेंबरात नानजिंगचं हत्याकांड, ज्यात चीनच्या अधिकृत आकड्यानुसार ३ लाख माणसं मारली गेली.

आठवण कामाला कधी लागली

अपमान लक्षात ठेवायचा ही सवय कम्युनिस्टांच्या आधीची आहे. तिकडे प्राचीन चीनमधल्या यूए राज्याचा राजा गोउजियान याची जुनी गोष्ट सगळ्यांना माहीत असते, हरल्यावर तो मऊ अंथरुण सोडून काटक्यांवर झोपायचा आणि रोज कडू पित्त चाखायचा, अपमानाची चव विसरू नये म्हणून, आणि पुढे वीसेक वर्षांनी त्याने सूड उगवलाच. १९१५ नंतर ९ मे, म्हणजे एकवीस मागण्या मान्य कराव्या लागल्या तो दिवस, 'राष्ट्रीय अपमान दिन' पाळला जायचा. कम्युनिस्टांच्या आधी सत्तेत असलेला राष्ट्रवादी नेता च्यांग काय-शेक तर १९२८ पासून डायरीत रोज 'अपमान धुऊन काढ' अशा अर्थाचे दोन शब्द लिहायचा.

माओच्या काळात मात्र सूर वेगळा होता. सप्टेंबर १९४९ मध्ये माओने सांगितलं की चिनी जनता आता उठून उभी राहिली आहे, म्हणजे कथा विजयाची, रडगाणं नको, आणि खलनायक कोण तर साम्राज्यवादी, जमीनदार आणि च्यांग. १९७२ मध्ये जपानशी संबंध जोडताना चीनने युद्धाच्या भरपाईचा हक्कसुद्धा सोडून दिला. आज जपानवर जो राग दिसतो तो बघता याचं आश्चर्यच वाटतं. १९८२ मध्ये जपानी शाळांच्या पुस्तकांवरून वाद पेटला, १९८५ मध्ये नानजिंगचं स्मारक उभं राहिलं, तिथून वारं फिरायला लागलं.

खरा बदल १९८९ नंतर. बीजिंगच्या तियानमेन चौकात विद्यार्थ्यांवर रणगाडे घातल्यावर आणि पाठोपाठ सोव्हिएत संघ कोसळल्यावर पक्षापुढे प्रश्न उभा राहिला की समाजवादावर आता कुणाचा विश्वास उरलाय, मग लोकांनी आपलं का ऐकावं. उत्तर मिळालं इतिहासात. १९९१ पासून देशभक्ती शिक्षणाची मोहीम सुरू झाली, १९९४ मध्ये तिचा रीतसर आराखडा आला, पुस्तकं बदलली, म्युझियमं सजली, शाळांच्या सहली युआनमिंगयुआनला जायला लागल्या. 'राष्ट्राचा अपमान विसरू नका' आणि 'मागे राहाल तर मार खाल' ही दोन वाक्यं तिथल्या पोरांच्या कानावर एवढ्या वेळा पडतात की ती म्हणीसारखी झालीत. शी जिनपिंग नोव्हेंबर २०१२ मध्ये पक्षाचे प्रमुख झाल्यावर दोन आठवड्यांतच राष्ट्रीय म्युझियममधल्या अफू युद्धापासून सुरू होणाऱ्या प्रदर्शनाला गेले आणि 'राष्ट्राचं पुनरुत्थान' हे चिनी स्वप्न आहे असं तिथे म्हणाले. २०१४ पासून १३ डिसेंबर हा नानजिंगचा राष्ट्रीय स्मृतिदिन झाला. २०१७ मध्ये जपानविरोधी युद्ध 'आठ वर्षांचं' न म्हणता १९३१ पासून धरून 'चौदा वर्षांचं' म्हणायचं असं पाठ्यपुस्तकांसाठी ठरलं, एका फतव्यात युद्ध सहा वर्षांनी लांबलं. आणि १ जानेवारी २०२४ पासून तर देशभक्ती शिक्षणाचा कायदाच आहे.

डिप्लोमसीत हे कसं दिसतं

सगळ्यात सरळ उदाहरण हाँगकाँग. सप्टेंबर १९८२ मध्ये मार्गारेट थॅचर बीजिंगला गेल्या तेव्हा तेव्हाचा चीनचा सर्वोच्च नेता डंग शियाओपिंगने त्यांना स्पष्ट सांगितलं की १९९७ मध्ये हाँगकाँग परत घेतलं नाही तर आमचं सरकार म्हणजे शेवटचं छिंग (बादशाही) सरकार आणि आम्ही म्हणजे ली होंगझांग ठरू. ली होंगझांग कोण, तर १८९५ आणि १९०१ च्या तहांवर सही करणारा मंत्री. बिचारा हरलेल्या बाजूने जेवढं वाचवता येईल तेवढं वाचवत होता, पण चीनमध्ये त्याचं नाव आजही शिवीसारखं वापरतात. चिनी वाटाघाटी करणारा माणूस जमिनीच्या विषयावर इंचभरही का हलत नाही याचं कारण इथे आहे, पुढचा ली होंगझांग व्हायचं कुणालाच नसतं.

छोट्या गोष्टींतही हे निघतं. नोव्हेंबर २०१० मध्ये डेव्हिड कॅमेरॉन बीजिंगला गेले तेव्हा पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या आठवणीसाठी ब्रिटिश लावतात ते लाल खसखशीचं कागदी फूल त्यांच्या कोटावर होतं, चिनी अधिकाऱ्यांनी ते काढायला सांगितलं कारण खसखस म्हटलं की त्यांना अफूच आठवते, ब्रिटिशांनी काढलं नाही. एकच फूल, दोन देशांच्या दोन आठवणी. २००९ मध्ये युआनमिंगयुआनमधून गेलेली उंदीर आणि सशाची ब्राँझची डोकी पॅरिसला लिलावात निघाली तेव्हा एका चिनी बोलीदाराने सगळ्यात मोठी बोली लावली आणि मग सांगितलं की पैसे देणार नाही. डोकी २०१३ मध्ये एका फ्रेंच उद्योगपतीने भेट म्हणून परत केली.

मार्च २०२१ मध्ये अलास्कात अमेरिका आणि चीनची बैठक झाली, चीनचे वरिष्ठ परराष्ट्र अधिकारी यांग जिएची कॅमेऱ्यांसमोर अमेरिकन मंत्र्यांना सुनावून मोकळे झाले, आणि चिनी सोशल मीडियावर लगेच दोन फोटो शेजारी शेजारी फिरायला लागले, एक १९०१ च्या तहाचा आणि एक या बैठकीचा. चिनी पंचांगात साठ वर्षांचं चक्र असतं आणि १९०१ आणि २०२१ ही दोन्ही वर्षं एकाच नावाची, शिनछोउ. तेव्हा मान खाली घातली, आता बघा, असा सगळा आव.

जपानच्या बाबतीत तारखा सांभाळाव्या लागतात. २०१२ मध्ये जपान सरकारने सेनकाकू बेटं (चिनी नाव द्याओयू) विकत घेतली ती सप्टेंबरच्या ११ तारखेला, आणि १८ सप्टेंबर हा मांचुरियावरच्या हल्ल्याचा दिवस, झालं, कित्येक शहरांत मोर्चे निघाले आणि लोकांनी जपानी कंपन्यांच्या गाड्या फोडल्या, ज्या चिनी माणसांनीच घेतलेल्या होत्या. सरकारने काही दिवस चालू दिलं आणि मग बंद केलं. हा नळ आहे, सोडता येतो आणि बंदही करता येतो, फक्त दरवेळी पूर्ण बंद होईलच याची खात्री सरकारलाही नसते.

आणि रशिया? १८५८ आणि १८६० च्या तहांत रशियाने चीनकडून जेवढी जमीन घेतली तेवढी इतर कुणीच घेतली नाही, व्लादिवोस्तोक त्यातलंच, ज्याला चिनी लोक हायशेनवाय म्हणतात. २०२० मध्ये रशियन दूतावासाने वेइबो या चिनी सोशल मीडियावर या शहराचा १६० वा वाढदिवस साजरा केला तेव्हा चिनी नेटकरी खवळले, सरकार मात्र गप्प. पुतिनशी दोस्ती आहे तोवर ती आठवण कपाटात. तसंच १९५९ ते ६१ चा दुष्काळ, सांस्कृतिक क्रांती आणि १९८९, यांचं दुःख चिनी माणसाने चिनी माणसाला दिलेलं, म्हणून त्याला स्मृतिदिन नाही.

भारत या गोष्टीत कुठे बसतो

नेहरूंना वाटत होतं की दोघंही साम्राज्यवादाने पोळलेले देश, दोघांची आठवण एकच, १९५४ च्या पंचशीलात तेच आहे. पण बीजिंगच्या नजरेत मॅकमहोन रेषा (अरुणाचलची तिबेटकडची सीमा) ही १९१४ च्या सिमला परिषदेतली ब्रिटिशांची करणी. तिथल्या चिनी प्रतिनिधीने मसुद्यावर आद्याक्षरं केली होती, पण त्याच्या सरकारने पूर्ण सही करायला नकार दिला. म्हणजे ती रेषा असमान तहांच्याच यादीत, आणि ती धरून बसलेला स्वतंत्र भारत म्हणजे ब्रिटिशांचा वारस. आपल्याला ती आपली सीमा वाटते, त्यांना जुना अपमान वाटतो, आणि एप्रिल १९६० मध्ये चीनचे पंतप्रधान झोउ एनलाय दिल्लीला येऊन रिकाम्या हाताने गेले.

गंमत म्हणजे १९६२ ची जखम आपल्याकडे अजून ओली आहे आणि चीनमध्ये त्या युद्धाचं फारसं नावही निघत नाही, कारण त्यांच्या गोष्टीत जिंकलेल्या छोट्या युद्धाला जागा नाही. गलवान वेगळं. १५ जून २०२० ला आपले २० जवान गेले, चीनने आपले चार गेल्याचं फेब्रुवारी २०२१ मध्ये सांगितलं आणि त्यांना लगेच वीरांचा मान दिला, आणि त्या आकड्यावर शंका घेणाऱ्या एका ब्लॉगरला हुतात्म्यांची बदनामी केली म्हणून आठ महिन्यांची शिक्षा झाली. २०२५ मध्ये मोदी तियानजिनच्या एससीओ (शांघाय सहकार्य संघटना) परिषदेला गेले पण दोनच दिवसांनी ३ सप्टेंबरला बीजिंगमध्ये झालेल्या, जपानवरच्या विजयाच्या संचलनाला थांबले नाहीत. पुतिन थांबले, किम जोंग उन तर त्यासाठीच आले.

गोड आठवणी

जिथे दोस्ती दाखवायची असते तिथे वेगळं कपाट उघडतं. बेल्ट अँड रोडची (परदेशांत रस्ते-बंदरं बांधायच्या चिनी योजनेची) गोष्ट सांगताना रेशीम मार्ग निघतो, आणि १४०५ ते १४३३ मध्ये कालिकतपर्यंत जहाजं घेऊन आलेला चिनी दर्यावर्दी झंग ह निघतो, जो कसा शांततेने आला हे सांगतात, जहाजांवर हजारो सैनिक होते हे जरा हळू सांगतात. भारतासाठी ह्युएन त्संग. शी २०१४ मध्ये मोदींच्या गुजरातेत आले आणि मोदी २०१५ मध्ये शीआनला गेले, दोन्हीकडे तोच. हा माणूस सातव्या शतकात पुलकेशीच्या महाराष्ट्रातही आला होता, आणि इथले लोक उपकार विसरत नाहीत आणि अपमान झाला तर जिवावर उदार होऊन सूड घेतात असं लिहून गेलाय, आता हे त्याने कुणाबद्दल लिहायला हवं होतं ते असो.

आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८ मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांतले एक (नागपूरचे डॉ. चोळकरही त्यात होते), जपानविरोधी युद्धात जखमींवर उपचार करत राहिले, तिथेच ९ डिसेंबर १९४२ ला वयाच्या ३२ व्या वर्षी वारले. चीनमध्ये त्यांना क दिहुआ म्हणतात, शीज्याच्वांगच्या हुतात्मा स्मारकात त्यांची समाधी आहे, आणि चिनी नेते भारतात आले की कोटणीस कुटुंबाला भेटणं हा ठरलेला कार्यक्रम, २००६ मध्ये राष्ट्राध्यक्ष हू जिंताव भेटले, २०१३ मध्ये पंतप्रधान ली कछियांग. कोटणीसांनी तिथल्याच नर्सशी, ग्वो छिंगलानशी लग्न केलं होतं. मुलाचं नाव ठेवलं यिनहुआ, यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन. १९६२ चं युद्ध झालं तेव्हा तो वीस वर्षांचा होता.