सुटलेला इलेक्ट्रॉन परततो तेव्हा

तंबोरा नीट लागला की खर्जाच्या तारेतून कोणीही न छेडलेला गंधार ऐकू येतो, हे गाणाऱ्यांना ठाऊक असते. हा गंधार म्हणजे तारेच्या मूळ वारंवारतेच्या पाचपट वारंवारतेचा सूर, अर्थात तिचा पाचवा संनादी. प्रकाशाचेही असे संनादी निघतात, पण त्यासाठी तो विलक्षण तीव्र असावा लागतो. १९६१ साली मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकेन आणि सहकाऱ्यांनी माणिक लेसरचा ६९४ नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल प्रकाश क्वार्ट्झमधून पाठवला, तेव्हा ३४७ नॅनोमीटरचा, म्हणजे दुप्पट वारंवारतेचा अतिनील प्रकाश बाहेर आला. छायाचित्रण-पट्टीवर त्याचा ठिपका इतका फिकट होता की शोधनिबंध छापताना तो डाग समजून पुसला गेला. छापील आकृतीत बाण राहिला, ठिपका नाही!

दुसरा संनादीच इतका क्षीण, तर पुढचे प्रत्येक पायरीला झपाट्याने मावळत जाणार, अशी साधी अपेक्षा होती. १९८७ साली शिकागोत निऑन वायूतून सतराव्यापर्यंतचे संनादी मिळाले. १९८८ साली फ्रान्समधील साक्ले येथे ॲन लुइलिए यांच्या गटाने १०६४ नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश आर्गॉनवर टाकून तेहतिसावा संनादी गाठला. सुरुवातीचे काही संनादी अपेक्षेप्रमाणे क्षीण होत गेले, पुढचे कितीतरी मात्र जवळपास सारख्याच तीव्रतेचे निघाले. या सपाट भागाला पठार म्हणतात, आणि ते जिथे संपते तिथे सह्याद्रीसारखा सरळ कडाच असतो.

कडा नेमका कुठे येतो, याचे उत्तर कारणाच्या आधी मिळाले. १९९२ साली लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेतील क्राउझ, शेफर आणि कुलँडर यांनी अणू व आयनांसाठी (इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूंसाठी) संगणकावर आकडेमोड करून एक सोपा नियम काढला: कड्यापाशी निघणाऱ्या प्रकाशकणाची, म्हणजे फोटॉनची, ऊर्जा म्हणजे इलेक्ट्रॉन अणूतून सोडवायला लागणारी ऊर्जा, अधिक लेसरच्या क्षेत्रात हेलकावणाऱ्या मोकळ्या इलेक्ट्रॉनच्या सरासरी ऊर्जेची सुमारे तिप्पट. ही तिप्पट कुठून आली, हे पुढच्याच वर्षी कॅनडातील पॉल कॉर्कम यांनी, आणि कुलँडर यांच्या गटानेही, उलगडले. अचूक गुणक ३.१७ निघाला, आणि तोही बराचसा न्यूटनच्या नियमांतूनच, ही मला या सगळ्या प्रकरणातील सर्वांत मजेशीर गोष्ट वाटते.

८०० नॅनोमीटरच्या लेसरचे एक आवर्तन सुमारे २.७ फेम्टोसेकंदांचे असते (एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाचा दहा लाखावा भाग). लाटेच्या माथ्याजवळ विद्युत क्षेत्र इतके प्रबळ होते की इलेक्ट्रॉनला अडवणारी ऊर्जेची भिंत एका बाजूने वाकून पातळ होते आणि इलेक्ट्रॉन तिच्यातून पार निसटतो. क्षेत्र त्याला नॅनोमीटरभर दूर ओढते, मग दिशा पालटून माघारी लोटते. माथ्याच्या आधी निसटलेला इलेक्ट्रॉन परतत नाही. माथा ओलांडल्यावर आवर्तनाच्या साधारण विसाव्या भागाने निसटलेला इलेक्ट्रॉन सुमारे १.७ फेम्टोसेकंदांनी सर्वाधिक ऊर्जा घेऊन येतो. तो आपल्या मूळ आयनात पुन्हा सामावला, तर ती सगळी ऊर्जा एका फोटॉनच्या रूपाने बाहेर पडते. आर्गॉनवर दर चौरस सेंटिमीटरला २०० लाख कोटी वॅटचा प्रकाश टाकला, तर इलेक्ट्रॉन सोडवायला १५.८ आणि हेलकाव्याची सरासरी ऊर्जा १२ धरून हिशेब १५.८ अधिक ३.१७ गुणिले १२, म्हणजे सुमारे ५४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (हे अणूंच्या जगातले ऊर्जेचे एकक) होतो. लेसरचा एक फोटॉन १.५५ चा, म्हणून कडा तेहतिसाव्या-पस्तिसाव्या संनादीपाशी येतो. चौतिसावा दिसतच नाही, कारण हीच घटना दर अर्ध्या आवर्तनाला उलट दिशेने घडते आणि त्यामुळे सम संनादी एकमेकांना छेदून टाकतात. वर्तुळाकार ध्रुवित प्रकाशात, म्हणजे ज्याचे विद्युत क्षेत्र गोल फिरत राहते अशा प्रकाशात, तर इलेक्ट्रॉन घर चुकतो आणि संनादी जवळजवळ बंदच पडतात.

मग तीव्रता वाढवतच का नेऊ नये? कारण लेसरचा स्पंद, म्हणजे प्रकाशाचा क्षणिक झोत, माथ्यावर पोचण्याआधीच अणू रिकामा होतो आणि परतायला इलेक्ट्रॉनच उरत नाही. इथे आयन उपयोगी पडतो. हेलियमच्या अणूतून इलेक्ट्रॉन काढायला २४.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, तर एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या हेलियम आयनातून उरलेला काढायला ५४.४. आयन अधिक प्रबळ क्षेत्र सोसतो, म्हणून त्याचा कडाही दूर जातो. अडचण अशी की आयन झाले म्हणजे आसपास मोकळे इलेक्ट्रॉनही आले. त्यांच्यामुळे लेसरची लाट आणि संनादीची लाट वेगवेगळ्या वेगाने जातात, ठिकठिकाणी निर्माण झालेला प्रकाश बेताल होतो आणि कागदावरचा फायदा प्रत्यक्षात बराचसा वाया जातो. तरीही २००४ साली पोकळ नळीत भरलेल्या आर्गॉनच्या आयनांतून २५० इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंतचे संनादी मिळाले. तीव्रतेऐवजी तरंगलांबी वाढवणे हा दुसरा मार्ग: २०१२ साली ३.९ मायक्रोमीटरचा लेसर आणि दाबाखालचे हेलियम वापरून पाच हजाराव्याच्याही पलीकडचे संनादी, म्हणजे मृदू क्ष-किरणच, हाती आले.

आयनांचा आणखी एक गुण २००६ साली दिसला. इंडियम धातूवर आधी सौम्य स्पंद टाकून आयनांचा लोट उठवला आणि त्यातून मुख्य स्पंद नेला, तेव्हा तेरावा संनादी शेजाऱ्यांच्या शंभराहून अधिक पट उजळला, कारण त्याची सुमारे ६१ नॅनोमीटर ही तरंगलांबी इंडियम आयनाच्या स्वतःच्या एका संक्रमणाशी, म्हणजे ऊर्जेच्या एका पायरीवरून दुसरीवर जाणाऱ्या उडीशी, जुळत होती. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातही धातूंच्या अशा लोटांतून संनादी मिळवण्याचे बरेच काम झाले आहे.