तेच काम दोनदा करू नका! ऑफिसच्या कॉम्प्युटरवर वेळ वाचवायच्या काही गोष्टी

नमस्कार मंडळी,

आम्ही कोल्हापुरात ऑफिसांचे कॉम्प्युटर, प्रिंटर, नेटवर्क बघतो, त्यामुळं शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीपासून मार्केट यार्डातल्या गुळाच्या पेढीपर्यंत सगळीकडं आमचं जाणंयेणं असतंय. आणि एक गोष्ट सगळीकडं सारखीच दिसते. महिन्याची १० तारीख आणि १९ तारीख आली की अकाउंटचा स्टाफ रात्री उशिरापर्यंत बसलेला, कारण ११ ला जीएसटीआर-१ आणि २० ला ३बी ही जीएसटीची रिटर्न भरायची शेवटची तारीख. मग मालकांचा फोन येतो, कॉम्प्युटर स्लो झालाय, रॅम वाढवून द्या. रॅम आम्ही विकतो, पाहिजे तर टाकून पण देऊ, पण खरं सांगायचं तर बऱ्याच ठिकाणी मशीन ठीक असतंय आणि वेळ जातोय तो एकच आकडा तीन ठिकाणी टाईप करण्यात. टॅलीत, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, एकदा, एक्सेलमध्ये एकदा, साहेबांना व्हॉट्सॲपवर पाठवायला परत एकदा. हे थांबवायला नवीन काही विकत घ्यावं लागत नाही, सगळं तुमच्या मशीनमध्ये आधीपासून आहे, म्हणून हे माहितीपत्रक.

आधी एक्सेल, कारण निम्मा दिवस त्यातच जातो

रजिस्टर उघडा, डेटाच्या आत कुठंही क्लिक करा आणि कंट्रोल टी दाबा. रजिस्टरचं टेबल होतं. मग खाली नवीन ओळ टाकली की वरचा फॉर्म्युला आपोआप खाली येतो, ओढत बसायला नको, फिल्टर आपोआप लागतो, आणि खाली स्क्रोल केलं तरी कॉलमची नावं वर दिसत राहतात. एवढं एकच केलं तरी डिस्पॅच रजिस्टर सांभाळणाऱ्या माणसाचा ताप कमी होतो.

आजची तारीख टाकायला कंट्रोल आणि अर्धविराम. बेरजेला आल्ट आणि बरोबरचं चिन्ह. वरच्या सेलमधलं तसंच खाली पाहिजे तर कंट्रोल डी. हे तीन आठवडाभर मुद्दाम वापरा, नंतर हात आपोआप जातो.

आता आमचं सगळ्यात आवडतं, कंट्रोल ई. एक्सेल २०१३ पासून पुढं सगळ्यात आहे. समजा एका कॉलममध्ये पार्ट्यांचे जीएसटी नंबर आहेत आणि तुम्हाला त्यातून पॅन वेगळे पाहिजेत. जीएसटी नंबर १५ अक्षरांचा, पहिले दोन राज्याचे, आपल्या महाराष्ट्राचे २७, आणि पुढचे १० म्हणजेच पॅन. शेजारच्या कॉलममध्ये पहिल्या पार्टीचा पॅन हातानं टाईप करा, खालच्या सेलवर जाऊन कंट्रोल ई दाबा, खालचे सगळे भरून येतात. पार्टीचं नाव आणि गाव एकाच सेलमध्ये लिहिलेलं असेल तर ते पण असंच सुटं होतं. फक्त एक नजर टाकून तपासा, कारण एक्सेल तुमचा पॅटर्न बघून अंदाज लावतं, आणि मूळ कॉलम नंतर बदलला तर हे आपोआप बदलत नाही.

नंबरांचा घोळ पण इथंच सांगतो. माल पाठवताना लागणाऱ्या ई-वे बिलाचा नंबर १२ आकडी असतो, तो साध्या सेलमध्ये टाकला की १.२३ई+११ असं काहीतरी दिसायला लागतं आणि माणूस घाबरतो. त्यात फक्त दिसण्याचा फरक आहे, नंबर आत शाबूत असतो. पण बँकेचा खाते नंबर १५ आकड्यांपेक्षा मोठा असेल तर मात्र खरंच नुकसान होतं, एक्सेल फक्त १५ आकडे धरून ठेवतं आणि पुढच्यांचं शून्य करून टाकतं, आणि एकदा सेव्ह झालं की मूळ आकडा परत येत नाही. म्हणून असले नंबर टाकायच्या आधी तो कॉलम टेक्स्ट फॉरमॅट करून घ्या, पेमेंटची यादी असेल तर हे विसरून अजिबात चालणार नाही.

बँकेच्या स्टेटमेंटमधल्या तारखा सॉर्ट होत नाहीत अशी तक्रार नेहमी येते. त्या तारखा दिसायला तारखा असतात पण आतून नुसता मजकूर असतो. कॉलम सिलेक्ट करा, डेटा मेनूत टेक्स्ट टू कॉलम्स, शेवटच्या पायरीवर डेट निवडून डीएमवाय करा, झालं. एकेक तारीख परत टाईप करत बसलेली माणसं आम्ही बघितलीत आणि बघून वाईट वाटतं.

२बी जुळवणी

१४ तारखेला जीएसटीआर-२बी, म्हणजे सप्लायरांनी दाखवलेल्या आपल्या खरेदीच्या बिलांची पोर्टलवरची यादी, तयार होतं आणि मग परचेस रजिस्टर एका बाजूला, २बी एका बाजूला, मध्ये पट्टी आणि पेन्सिल! कृपया प्रिंट काढून जुळवू नका. दोन्हीकडं एक जादा कॉलम घ्या, त्यात पार्टीचा जीएसटी नंबर आणि बिल नंबर अँडच्या चिन्हानं जोडा, आणि मग व्हीलुकअप फॉर्म्युल्यानं एकातलं दुसऱ्यात शोधा. ऑफिस २०२१ किंवा ३६५ असेल तर एक्सलुकअप वापरा, ते सोपं आहे, कॉलम मोजत बसावं लागत नाही. २०१६ किंवा २०१९ असेल तर एक्सलुकअप मिळणार नाही, व्हीलुकअपवरच भागवा, त्यानं काही अडत नाही.

पण खरी मेख वेगळीकडंच आहे बघा. बिलावर नंबर असतो वर्ष, तिरकी रेघ, शून्य शून्य एकतीस, आणि एन्ट्री करणारा घाईत नुसतं ३१ टाकतो. सप्लायरनं पोर्टलवर पूर्ण नंबर टाकलेला असतो, मग कुठलाही फॉर्म्युला ते दोन्ही एकच आहेत असं सांगणार नाही आणि जुळत नसलेल्या बिलांची यादी लांबच लांब निघते. म्हणून परचेसची एन्ट्री करतानाच बिल नंबर जसा छापलाय तसाच टाकायचा, शून्य, रेघ, अक्षरं सगळ्यासकट. एका एन्ट्रीला दोन सेकंद जास्त जातील पण १४ तारखेनंतरचे तास वाचतील. हे मालकांनी स्वतः स्टाफला बसवून सांगावं अशी आमची विनंती आहे, आमच्या सांगण्यानं तेवढं होत नाही. नंबरांच्या मागंपुढं स्पेस राहिलेल्या असतील तर ट्रिम फॉर्म्युल्यानं जातात.

दर महिन्याला फायली एकत्र करता का?

शिफ्टची फाईल वेगळी, महिन्याची वेगळी, आणि वर्षाच्या शेवटी बारा फायली उघडून कॉपी पेस्ट. हे काम पॉवर क्वेरी करतं, एक्सेल २०१६ पासून आतच आहे. सगळ्या फायली एका फोल्डरमध्ये ठेवा, डेटा मेनूत गेट डेटा, फ्रॉम फाईल, मग फ्रॉम फोल्डर. एकदा सेट केलं की पुढच्या महिन्यात नवीन फाईल त्या फोल्डरमध्ये टाकायची आणि रिफ्रेश दाबायचं, बस. अट एकच, सगळ्या फायलींत कॉलमची नावं तंतोतंत सारखी पाहिजेत, एकीत वजन आणि दुसरीत वेट असं चालत नाही. त्यावर पिव्होट टेबल, म्हणजे आपोआप गोषवारा काढणारं टेबल, लावलं की कुठल्या पार्टीला कुठल्या महिन्यात किती टन कास्टिंग गेलं ते लगेच समोर. हे पहिल्यांदा जरा किचकट वाटतं, एएमसीवाल्या, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार असलेल्या, ग्राहकांना आम्ही शेजारी बसून एकदा करून देतो, हक्कानं सांगा.

टॅली

टॅली प्राइममध्ये आल्ट जी लक्षात ठेवा, कुठूनही कुठलाही रिपोर्ट उघडतो, मागं मागं येत बसायला नको. व्हाउचर टाकताना पार्टी नवीन निघाली तर तिथंच आल्ट सी दाबून तिचं खातं उघडा. दर महिन्याचं भाड्यासारखं सारखंच व्हाउचर असेल तर डे बुकमध्ये त्यावर जाऊन आल्ट २, डुप्लिकेट होतं, तारीख आणि रक्कम बघून सेव्ह करा. आणि रिपोर्टमधले आकडे बघून एक्सेलमध्ये टाईप करू नका हो, आल्ट ई नं सरळ एक्सपोर्ट करा.

कॉपी पेस्ट, मेल आणि मराठी

विंडोज १० आणि ११ मध्ये विंडोज बटण आणि व्ही दाबा, पहिल्यांदा चालू करायला विचारेल, हो म्हणा. मग शेवटच्या २५ कॉपी केलेल्या गोष्टी तिथं दिसतात. नाव, पत्ता, जीएसटी नंबर एकदम कॉपी करून घ्यायचे आणि एकेक पेस्ट करायचे. रोज लागणारा मजकूर पिन करून ठेवला तर मशीन बंद केलं तरी राहतो. पासवर्ड मात्र कॉपी करू नका, तो पण त्या यादीत दिसतो.

जीमेलच्या सेटिंग्जमध्ये अनडू सेंड ३० सेकंद करून घ्या, अटॅचमेंट विसरलेला मेल परत ओढता येतो. मार्चमध्ये पार्ट्यांना बॅलन्स कन्फर्मेशनची, म्हणजे बाकी जुळते ना हे विचारणारी, पत्रं पाठवता ना, ती वर्डच्या मेल मर्जनं करा, एकच पत्र यादीतल्या प्रत्येकाच्या नावानं तयार होतं, आणि यादी एक्सेलमध्ये आहेच.

मराठी पत्रं अजून जुन्या फॉन्टमध्ये टाईप होतात आणि व्हॉट्सॲपवर गेली की अगम्य चिन्हं दिसतात. युनिकोडवर, म्हणजे कुठल्याही मशीनवर आणि फोनवर वाचता येणाऱ्या मराठीवर, या. विंडोजमध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड मिळतो, भाषा बदलायला विंडोज बटण आणि स्पेस. टाईपच करायचं नसेल तर क्रोममध्ये गूगल डॉक्स उघडून व्हॉइस टायपिंगला मराठी निवडा आणि बोला, चांगलं उमटतं, विरामचिन्हं मात्र नंतर हातानं टाका.

बॅकअप

२०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै कोल्हापुरात कुणी विसरलेलं नाही. शाहूपुरी, नागाळा पार्क भागात पाणी आलं तेव्हा तळमजल्यावरचे कॉम्प्युटर गेले, त्याचं दुःख आहेच, पण मशीन नवीन येतं, सहा वर्षांचा टॅली डेटा येत नाही. पेनड्राइव्हवर बॅकअप घेऊन तो त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवला तर दोन्ही एकदमच भिजतात. एक कॉपी ऑफिसच्या बाहेर पाहिजे, मालकांच्या घरी नाहीतर गूगल ड्राइव्हवर, तिथं १५ जीबी फुकट आहे. ज्यांची सुट्टी सोमवारी असते त्यांनी रविवारी संध्याकाळी बॅकअप घेऊनच मशीन बंद करावं, आणि महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून बघावा.

फायलींची नावं देताना फायनल, फायनल २, नवीन फायनल असं करू नका. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग कामाचं नाव. फोल्डरमध्ये आपोआप तारखेप्रमाणं लागतात.

आणि एरर आली की ती फोनवर वाचून दाखवायच्या ऐवजी विंडोज, शिफ्ट, एस दाबा, तेवढा भाग सिलेक्ट करा, व्हॉट्सॲप वेबवर आमच्या चॅटमध्ये कंट्रोल व्ही करून पाठवा, सोबत कुठल्या मशीनवर आली आणि त्याआधी काय करत होता एवढं लिहा. बऱ्याचदा आम्हाला तुमच्याकडं यायची गरजच पडत नाही.