उसाआडचं वळण

निफाडकडच्या एका शिवाररस्त्यावर मागच्या वर्षी डांबर पडलं. त्याआधी खडी न् खड्डे असे होते की पिकअपसुद्धा रखडत जायची. वेगमर्यादेची पाटी लावायची गरजच नव्हती. डांबर आलं, गाड्या दुप्पट वेगानं धावू लागल्या. वळणावरचा ऊस मात्र होता तिथंच आहे, डोक्याच्या वर दोन हात.

सगळं गणित त्या उसात आहे. वळणापाशी पुढचा रस्ता जेमतेम 30 मीटर दिसतो. रुंदी एका गाडीपुरती. समोरून ट्रॅक्टर आलाच तर तेवढ्यात दोघांनाही थांबायचं असतं, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला 15 मीटर.

ताशी 30 किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण 8 मीटर. ट्रॅक्टर दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत सावध माणसाचाही एक सेकंद जातो. तिथं 8 मीटर गेले. कोरड्या डांबरावर ब्रेक चांगले असतील तर आणखी 5 मीटर लागतात. तेराव्या मीटरला गाडी उभी. आता 60 नं या. पहिल्या सेकंदातच जवळपास 17 मीटर गेले. तीसवाला जिथं थांबून काच खाली करतोय, ती जागा साठवाल्यानं ब्रेकला पाय लावायच्या आतच ओलांडलेली असते! पुढं ब्रेकला लागणारं अंतर दुप्पट नव्हे, चौपट होतं: 20 मीटर. कारण गाडीतली ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते आणि ब्रेकना ती सगळी उष्णतेत जिरवावी लागते. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेली काळी माती डांबरावर पसरली, की घर्षण घटतं आणि हेही आकडे पुरत नाहीत.

द्राक्षाच्या घडांतले जादा मणी काढायला, म्हणजे विरळणीला, निघालेल्या बाया याच रस्त्याच्या कडेनं डबे घेऊन चालतात. ताशी 30 चा वेग म्हणजे साडेतीन मीटरांवरून पडताना जमिनीशी येतो तेवढा, मजलाभर उंचीवरून. 60 चा म्हणजे 14 मीटरांवरून, चार-पाच मजले.

आणि वाचतं किती? 2 किलोमीटरच्या रस्त्याला 4 मिनिटांऐवजी 2.

आयर्लंडनं 7 फेब्रुवारी 2025 पासून ग्रामीण स्थानिक रस्त्यांची सर्वसाधारण मर्यादा 80 वरून 60 वर आणली. आपल्या उसाच्या वळणाला, माझ्या मते, तेही जास्तच.

गतिरोधक टाका म्हटलं तर बागायतदार नाराज होतात. क्रेटमधली द्राक्षं हिसक्यानं घडापासून सुटतात, आणि ते त्यांचं म्हणणं खरंच आहे. मग कुणीतरी सुचवतं, वळणावरचा ऊस काढा. तोडणीनंतर तसं आपोआप होतंच. वळण उघडं पडतं, पार पुढच्या विहिरीपर्यंत दिसतं, आणि सगळे निर्धास्त सुसाट निघतात. श्रावणापर्यंत खोडवा, म्हणजे तोडलेल्या बुडख्यांतून फुटलेला ऊस, पुन्हा डोक्यावर जातो. पाय मात्र अजून उन्हाळ्यातल्याच सवयीनं अॅक्सिलरेटर दाबत असतो.