दोन मांगूर आणि पाण्यातली भीती

गोदावरीवरच्या नांदूर मध्यमेश्वरच्या जलाशयात परका शिकारी मासा सापडला की चर्चा त्याच्या पोटापाशी थांबते: काय खाल्ले, किती खाल्ले. ही सवय आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरामुळे पक्की झाली. तिथे सोडलेला नाईल पर्च 1980 च्या दशकात बेसुमार वाढला आणि छोट्या माशांच्या कितीतरी जाती दिसेनाशा झाल्या.

त्याच दशकात उत्तर अमेरिकेच्या महासरोवरांत जहाजांच्या टाक्यांतल्या पाण्याबरोबर काटेरी शेपटीचा, जेमतेम सेंटिमीटरभर पाणपिसू हा शिकारी जीव पोहोचला. पाण्यात त्याचा वास आला की डॅफ्निया हा इवलासा पाणजीव, म्हणजे त्याचे भक्ष्य, खोल पाण्यात उतरते. तिथे गारठा असतो; वाढ मंदावते, पिल्ले कमी होतात. म्हणजे शिकाऱ्याच्या तोंडी न लागलेल्या जिवालाही किंमत मोजावी लागते.

गोदावरीच्या खोऱ्यात हा विचार अडतो तो नावापाशी. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला बांगलादेशातून चोरून आलेला आफ्रिकन मांगूर हा शिकारी मासा बाजारात ‘थाई मांगूर’ झाला, कारण बांगलादेशात तो थायलंडहून आला होता. केंद्राने 2000 मध्ये त्याच्या पालनावर बंदी घातली. राष्ट्रीय हरित लवादाच्या 2019 च्या आदेशानंतर राज्यात कारवाईला जोर आला. पण टोपलीत आणि बोलण्यात तो आणि आपला देशी मांगूर दोघेही नुसते ‘मांगूर’. देशी मांगूर हातभर झाला तरी मोठा म्हणायचा. आफ्रिकन मीटरभराच्या पुढे जातो, अंगावर संगमरवरासारखे काळे-करडे डाग. पिल्ले मात्र शेजारी ठेवली तरी गोंधळ होतो, डोक्यामागच्या हाडाचा आकार बघावा लागतो. बंदी परक्यावर आहे आणि देशी मांगूर स्वतःच धोक्यात आलेल्या जातींत मोडतो. त्याला त्याच नावाने बदनाम करणे मला अन्यायाचे वाटते.

हा गोंधळ माशांच्या बाजूनेही महत्त्वाचा आहे. ओळखीच्या शिकाऱ्याच्या चुलत जातीचा वासही छोटे मासे ओळखू शकतात, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. देशी मांगुराला बुजणारा मासा आफ्रिकन मांगुरालाही बुजत असेल, तर तो वाचेल, पण जलपर्णीच्या मुळांत दडून अर्धपोटी राहील. बुजत नसेल, तर सरळ खाल्ला जाईल. जाळ्यात दोन्ही वेळा मासळी कमीच दिसेल.

मांगूर मुख्यतः अंधारात शिकार करतो, म्हणून दिवसाच्या जाळ्यावरून यातला फरक कळणार नाही. रात्री आणि पहाटे, काठाला आणि खोल पाण्यात जाळी वेगळी टाकून नोंद ठेवावी लागेल, आणि त्या नोंदीत नुसते ‘मांगूर’ लिहून चालणार नाही.